समदी आली का?

मामांना पेशंटचं नाव कधी लक्षात राहिलं नाही. चेहराही नाही. दरवर्षी येणारा माणूस समोरून हसत आला तरी मामा त्याच्याकडे कोऱ्या नजरेने बघायचे आणि "गाऊन घाला, कवळी असली तर काढा" एवढंच म्हणायचे. मग दुर्बीण तोंडातून आत जायची, अन्ननलिका आणि जठर मागे पडायचं, पडद्यावर लहान आतड्याचं पहिलं वळण दिसायचं आणि मामा एकदम ताठ उभे राहायचे.

"आरं, हे तर आपलंच हाय की! मागल्या पोळ्याला आलतं. सर, त्या घडीच्या मागं बगा. तिथं एक दडून बसतंय."

सर, म्हणजे आमचे डॉक्टर, दुर्बीण घडीमागे वळवायचे. तिथे एक दडून बसलेलं असायचं.

मी त्या एंडोस्कोपी विभागाची इनचार्ज सिस्टर. एकवीस वर्षं झाली. माझं सगळं काम याद्यांवर चालतं. उद्याचे पेशंट कोण, कोण किती वाजल्यापासून उपाशी आहे, कोणाला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, कोणती दुर्बीण धुऊन झाली, कोणत्या बरणीत काय गेलं. घरीही किराण्याची, औषधांची, पुतणीच्या लग्नाची यादी मीच करते. लोक हसतात. हसोत. मामांवर लिहायचं ठरवलं तेव्हाही मी आधी मुद्दे काढले. अकरा निघाले. त्यातला अकरावा मी तीनदा खोडला आणि तीनदा परत लिहिला.

मामा गेल्या वर्षी गेले. आमच्या दवाखान्यात वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्याच पुरुष माणसांना मामा म्हणतात, पण नुसतं "मामांना बोलवा" म्हटलं की सगळ्यांना तेच समजायचे. बुटके, काटकुळे, दोन्ही कानांना लहानपणी टोचलेल्या बाळीची भोकं. पाचोडच्या पुढच्या एका वस्तीवरचे, मेंढपाळ घरातले. संभाजीनगरला आले ते वॉर्डबॉय म्हणून, मुकुंदवाडीत स्टेशनजवळ खोली घेऊन राहिले आणि बघता बघता सरांचा उजवा हात झाले. हे मी शब्दशः सांगते आहे.

झालं असं की लहान आतड्याच्या सुरुवातीला काही जणांना कोंब फुटतात. त्यांना पॉलिप म्हणतात. तो कॅन्सर नसतो, पण त्यातले काही त्या वाटेला लागलेले असतात. पोट न फाडता ते काढता येतात. दुर्बिणीतून सुई नेऊन कोंबाखाली निळं पाणी भरायचं, म्हणजे तो उशीसारखा वर उचलला जातो. मग त्याच्या गळ्यात तारेचा फासा टाकायचा, आवळायचा आणि कापायचा. दुर्बीण डॉक्टरांच्या हातात असते, पण फासा आवळणारी मूठ मदतनीसाच्या हातात असते. आमच्याकडे ती मूठ वीस वर्षं मामांची होती. लहान आतड्याची भिंत फार पातळ. कोंबाबरोबर तीही फाशात आली, की भोक पडतं आणि मग माणूस टेबलावरून सरळ मोठ्या ऑपरेशनला जातो.

म्हणून नवा फासा उघडला की मामा आधी तो बाहेरच पूर्ण मिटवून बघायचे आणि मुठीवर बॉलपेनने बारीक रेघ मारायचे. पुढे आत आवळताना मूठ त्या रेघेपासून किती लांब अडते, यावरून फाशात केवढं मांस आलंय ते त्यांना कळायचं. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

एकदा सर म्हणाले, "आवळा."

मामांनी आवळलं नाही.

"मामा, आवळा."

"जड लागतंय, सर."

"मला पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतंय. आवळा म्हणतो ना!"

"तुमाला दिसतंय. मला लागतंय." आणि मामांनी सरळ मूठ उघडली. फासा सुटला.

खोलीत आम्ही चौघं होतो. सर मास्कच्या वरपर्यंत लाल झाले. "मामा, इथं डॉक्टर तुम्ही का मी?"

"तुमीच की. म्हणून तर सोडलं. मी डॉक्टर असतो तर आवळलं असतं."

सरांनी दुर्बीण जरा फिरवली, बाजूने बघितलं. निळ्या उशीच्या खालची भिंत खरंच वर ओढली गेली होती. त्यांनी फासा पुन्हा टाकला, या वेळी छोटा. दुपारी त्यांनी स्वतःच्या केबिनमधून मामांना चहा पाठवला. मामांनी एक घोट घेतला आणि मला म्हणाले, "साखर कमी हाय. अजून राग गेला नाय."

माझं आणि मामांचं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं. मामा मोजत नसत.

म्हणजे मोजता येत नव्हतं असं नाही. वडिलांपासून चालत आलेली रीत होती. मेंढरं कधी मोजायची नाहीत, मोजली की नजर लागते आणि कमी होतात. संध्याकाळी कळप परत आला की त्यांचे वडील मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि नुसते बघायचे. शंभराच्या वर जनावरं धुळीतून आत जायची. शेवटी ते म्हणायचे, "समदी आली." नाहीतर म्हणायचे, "ती कानफाटी नाय आली." मग कोणीतरी कानफाटीला शोधायला उलट्या वाटेने जायचं.

मामांनी हेच दवाखान्यात आणलं. कापलेले पॉलिप बरणीत भरून तपासणीला जातात. बरणीवर किती तुकडे आहेत ते लिहावं लागतं. तो नियम आहे, आणि नियम म्हटलं की ती मी.

"मामा, बरणीत किती?"

"समदी."

"समदी हा आकडा नाही मामा."

"मंग तुमी मोजा. मी नाय मोजत."

"लहान लेकरासारखं काय करायलाय तुम्ही?"

"बाई, तुमी लिवायचं काम करा, मी राखायचं करतो. दोगांनी मोजलं तर काय उरंल का त्यात?"

शेवटी मी बरणी उजेडाकडे धरून मोजायची आणि लेबलवर आकडा लिहायची. मी मोजत असताना मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. वीस वर्षांत या बरण्यांबद्दल त्यांच्या तोंडून मी एकही आकडा ऐकला नाही.

आता गाळणीचं सांगते. कापलेला तुकडा आतड्यात जागेवर राहत नाही. आतडं हलतं. हालचाल थांबवायचं इंजेक्शन देतो, तरी तुकडा घरंगळतो. खाली गेला की गेलाच. लहान तुकडे दुर्बिणीतूनच ओढून घेतो, ते पाणी, पित्त, थुंकी यांच्याबरोबर सक्शनच्या बाटलीत येतात. त्या हिरवट पाण्यातून डाळीएवढा तुकडा हुडकायला मामांनी पाचोडच्या बाजारातून चहाची स्टीलची गाळणी आणली होती. हुबेहूब पँट्रीतल्या गाळणीसारखी. फरक कळावा म्हणून तिच्या दांडीला घोंगडीच्या काळ्या लोकरीचा दोरा बांधला होता आणि मोरीजवळ एक खिळा ठोकून ती तिथे टांगली होती.

तरी व्हायचं ते एकदा झालंच. पँट्रीत नवीन मावशी आल्या, त्यांना गाळणी सापडेना, त्या आमच्या मोरीवरची घेऊन गेल्या. चहा सगळीकडे पोचल्यावर मामांना खिळा रिकामा दिसला. ते धावत केबिनमध्ये गेले. सरांचा कप निम्मा झाला होता.

"काय झालं, मामा?"

मामांनी कपाकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "काय नाय सर. सावकाश प्या." बाहेर येऊन मला म्हणाले, "उकळतं पानी व्हतं बाई. समदं मरतंय त्यात." सरांना हे आजतागायत माहीत नाही. दोऱ्याच्या जोडीला मात्र मामांनी गाळणीच्या दांडीवर लाल रंगही फासला.

त्या गाळणीची लोक थट्टा करायचे. पैठणच्या बाई येईपर्यंत.

त्या मागावर बसणाऱ्या, पैठणी विणणाऱ्या. चाळिशीच्या. लहान आतड्यात पाच कोंब होते. पाचही कापले. सरांनी हातमोजे काढले आणि मामा मोरीजवळून म्हणाले, "एक नाय आलं."

"चार मिळाले ना? पाचवा अगदी तसलाच होता. जाऊ द्या, खाली गेला असेल."

"तसलं नव्हतं सर. त्याचं तोंड येगळं व्हतं."

"मामा, बाहेर सात जण बसलेत," मी म्हणाले. यादी माझ्या हातात होती.

"बसू द्या. आपलं एक रानात हाय." आणि ते दारात आडवे उभे राहिले. पुढचा पेशंट आत येऊ देईनात. बाटली दोनदा गाळली. दुर्बिणीत पाणी सोडून ते गाळलं. चादर झटकली. शेवटी सक्शनची रबरी नळी सांध्यापाशी सोडवली, तिचं एक टोक गाळणीवर धरून दुसऱ्या टोकातून सिरिंजने पाणी मारलं आणि वळणात अडकलेला तुकडा टपकन गाळणीत पडला. पस्तीस मिनिटं गेली होती. मी घड्याळाखाली उभी राहून रागाने मिनिटं मोजत होते.

"समदी आली," मामा म्हणाले आणि दारातून बाजूला झाले.

आठवड्याने रिपोर्ट आला. चार तुकडे निरुपद्रवी. पाचव्यात कॅन्सरची सुरुवात. बाईंचं वेळेत ऑपरेशन झालं. त्या आजही वर्षातून एकदा तपासणीला येतात. मामा होते तोवर त्यांच्यासाठी स्वतः भाजलेले शेंगदाणे आणायच्या. मामा शेंगदाणे खिशात घालायचे आणि त्यांना म्हणायचे, "गाऊन घाला, कवळी असली तर काढा."

त्यानंतर आमच्या खोलीत एक रीतच पडली. मामांनी "समदी आली" म्हटल्याशिवाय सर हातमोजे काढत नसत आणि मी पुढचं नाव पुकारत नसे.

आता उरलेले मुद्दे.

मामा फिके दिसायला लागले होते. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबायचे आणि उगाच खिडकीतून बाहेर बघायचे. "काय बघायलाय मामा?" विचारलं तर म्हणायचे, "रिक्षा." मी जबरदस्तीने रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फार कमी. वडील कशाने गेले, विचारलं. "पोटाच्या दुखण्यानं," एवढंच त्यांना माहीत होतं. मी त्यांचं नाव यादीत घातलं. दुसऱ्या दिवशी नावावर रेघ. परत घातलं, परत रेघ.

"हे कोणी खोडलं?"

"ह्यो माणूस मी वळखत नाय बाई. ह्याचं आतडं मी कधी बगितलं नाय."

तिसऱ्या वेळी सरांनी हात धरून कबूल करवलं. मामांनी अट घातली, माझं नाव मध्ये घाला. आधीचे चार मी करतो, मग झोपतो. त्याप्रमाणे ते रात्रीपासून उपाशी, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि चार पेशंटना उभे होते. चौथ्याची बरणी भरून झाली, "समदी आली" म्हणाले, गाळणी धुऊन खिळ्याला लावली आणि स्वतःचा शर्ट काढून गाऊन घातला.

"कवळी असली तर काढा," मी म्हणाले.

मामा हसले. "तुमी बी लई वात्रट हाव." मग डाव्या कुशीवर वळले. झोपेचं औषध जाताना सरांच्या पायांकडे बघत म्हणाले, "मूठ कुणाच्या हातात हाय?"

मूठ दुसऱ्या मजल्यावरून मागवलेल्या मदतनीसाच्या हातात होती. मुलगा हुशार होता, पण मोरीजवळच्या खिळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

तीन कोंब निघाले. दोन लहान. तिसरा वळणाच्या पुढे, चपटा, मोठा. दोन्ही लहान कापले, ओढून घेतले, बरणीत गेले. तिसरा कापला आणि आतडं हललं. तुकडा सुटून पडद्याच्या कडेला गेला. सर त्याच्या मागे जाणार तोच कापलेल्या जागेतून रक्त यायला लागलं. मग सगळं लक्ष तिकडे. क्लिप लावली, रक्त थांबलं. त्या गडबडीत सक्शन सतत चालू होतं. तुकडा खाली गेला की बाटलीत आला, ते कोणी पाहिलं नाही.

बाहेर सहाव्या नंबरचे आजोबा होते. साखरेचा आजार, आदल्या रात्रीपासून उपाशी. त्यांचा मुलगा दारावर हात मारत होता. "ओ सिस्टर, म्हाताऱ्याला घाम सुटलाय! आजून किती टाइम? पडला तर जिम्मेदारी कुणाची?" मी बाहेर जाऊन त्यांची साखर बघितली, खरंच उतरली होती. ग्लुकोजचं सलाइन लावलं आणि आत आले. मामांची गाडी रिकव्हरीत गेली होती. सर केबिनमध्ये टिपण लिहीत होते. खोली स्वच्छ करायची होती. सक्शनची बाटली भरलेली होती.

गाळणी खिळ्याला होती. मला दिसली. गाळायला दहा मिनिटं लागली असती. "एक नाय आलं" म्हणून दारात आडवा उभा राहणारा माणूस त्या दिवशी स्वतः झोपलेला होता. मी घड्याळाकडे बघितलं आणि बाटली मोरीत ओतली.

सरांनी केबिनमधून विचारलं, "तिसरा मिळाला का हो?"

"बाटलीत नाही, सर."

"मग खाली गेला. ठीक आहे. दोन तुकड्यांचा रिपोर्ट बघू. मामांना तीन महिन्यांनी परत घ्या, यादीत लिहून ठेवा. आणि त्यांना नीट सांगा की एक मिळालेला नाही."

मी लिहून ठेवलं.

अर्ध्या तासाने रिकव्हरीत गेले. मामांचे डोळे अर्धे उघडे होते. जीभ जड. मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण विचारलं ते स्पष्ट.

"समदी आली का?"

मी म्हणाले, "समदी आली."

का म्हणाले, याची कारणं मी लिहून काढली आहेत. त्यांचा चेहरा मेणासारखा दिसत होता. त्यांना झोप हवी होती. मला सातवं नाव पुकारायचं होतं. उद्या सांगू, असं वाटलं. कारणं चार झाली. चारही खरी आहेत आणि एकही पुरी पडत नाही.

मामांनी डोळे मिटले. मी त्यांच्याच शब्दांत सांगितलं होतं. माझ्या यादीत वीस वर्षांत खोटं सापडलं नव्हतं.

रिपोर्ट चांगला आला. दोन तुकडे, सौम्य बदल, काळजी नाही. मामांनी मुकुंदवाडीहून सगळ्या विभागाला भेळ आणली. लोहाच्या गोळ्यांनी रंगही सुधारला. तीन महिन्यांनी मी त्यांचं नाव यादीत घातलं. दुसऱ्या दिवशी रेघ.

"मामा, सरांनी सांगितलंय."

"कामून पण? समदी आली म्हणलात ना तुमी?"

तेव्हा सांगता आलं असतं. दार लावून, समोर बसून, दोन वाक्यांत. मी म्हणाले, "बरं, पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात परत रेघ. मग सरांची बाहेरगावची परिषद, मग दिवाळी, मग मामांची लग्नसराईतली रजा. याद्या करणाऱ्या बाईच्या यादीत एकच नाव पुढे पुढे सरकत राहिलं. अकरा महिने गेले.

एका सकाळी मामा दुर्बीण धूत होते. खिडकीतून ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं. मी नुसतं डोळ्यांकडे बघितलं आणि हातातली यादी टेबलावर ठेवली. डोळे हळदीसारखे पिवळे होते.

कॅन्सर निघाला. त्याच जागी, वळणाच्या पुढे. यकृतापर्यंत गेला होता. सर जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून फार वेळ बसले. "तो तुकडा हातात आला असता तर..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "आला असता तरी कदाचित हेच." त्यांना खरंच माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नाही. ज्या तुकड्याने सांगितलं असतं, तो मी मोरीत ओतला होता.

मामांनी मुकुंदवाडीची खोली सोडली आणि गावाकडे गेले. मी पाचोडपर्यंत एसटीने गेले. बाजाराचा दिवस होता, पुढे वस्तीपर्यंत एका टेम्पोवाल्याने सोडलं. पिशवीत दुखण्याच्या गोळ्या, उलटीचं औषध, मऊ टॉवेल, बिस्किटं, आणि सांगायची गोष्ट. ती यादीत पाचवी होती.

पत्र्याच्या शेडखाली खाटेवर मामा होते. हातापायांच्या काड्या, पोट वर आलेलं. मामींनी मला बसायला घोंगडी टाकली.

"कोन आलंय बगा," मामी त्यांना म्हणाल्या.

"वळखलं. चाल वळखली. दवाखाना घिऊनच चालती ही बाई." मग माझ्याकडे बघून, "गाळणी कुठं हाय?"

"खिळ्याला."

"चहाला लावू नगा."

मी गोळ्या कशा द्यायच्या ते मामींना समजावलं. कागदावर सूर्य आणि चंद्राची चित्रं काढून दिली. पाठ पुसून दिली. सगळं झालं. पाचवी गोष्ट राहिली. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बिस्किटांबद्दल बोलले.

ऊन कलल्यावर पुतण्याची मेंढरं परत आली. मामी उठून जाळीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. धूळ, घंटा, कोकरांचा ओरडा. मामांनी मान वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मामींनी तिकडूनच हाक दिली, "आली वो, समदी आली!"

मला रडू फुटलं. मी रडणारी बाई नाही. "मामा, त्या दिवशी..."

"तीन व्हती, बाई," मामा म्हणाले. "दोन आली."

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आकडा ऐकला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"कागद आला त्याच दिवशी. फोटूत तीन, लिवलेली दोन. मी मोजत नाय, पर मला दिसतंय की."

"मग बोललात का नाही? नाव का खोडत होता?"

मामा पत्र्याकडे बघत राहिले. "दुसऱ्याच्या पोटातलं हुडकायला भ्याव वाटत नाय. आपल्या पोटात बगायचं म्हणलं की हात गळायला लागलं. तुमी आली म्हणलात. म्हणलं, आसू दे. बाई कधी खोटं लिवत नाय. मला बी त्येच पायजे व्हतं."

त्यांना वाटत होतं तुकडा खाली गेला. मी एवढ्यावर थांबू शकले असते. पण मी तिथे थांबायला गेले नव्हते.

"तो खाली गेला की नाही, मला माहीत नाही मामा. मी बाटली गाळलीच नाही. तशीच ओतली. गाळणी समोर होती."

मामी जाळीचं तोंड बांधत होत्या. एका कोकराला आई सापडत नव्हती, ते ओरडत होतं. मग ते गप्प झालं.

"साखरेचा म्हातारा व्हता ना त्या दिवशी भाईर?"

"हो."

"बरा हाय का?"

"बरा आहे. मागच्या महिन्यात येऊन गेला."

मामांनी मान हलवली. "मेंढरू गेलं की इचारत्यात, राखणीला कोण व्हतं. राखणीला मी व्हतो, बाई. मीच झोपलो व्हतो."

"असं नका म्हणू."

"तुमी लिवायचं काम करा," ते म्हणाले. थोडा श्वास घेतला. "उद्याला लिस्टीत किती हायेत?"

"नऊ."

"मंग निघा. पाचोडहून शेवटची गाडी चुकल तुमची. उपाशी माणसं बसवून ठिवू नाय."

मी निघाले.